उजळाईवाडीहून घरापर्यंत

गेल्या महिन्यात आत्या आणि आतोबा हैदराबादहून विमानाने आले, तेव्हा कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळापासून मंगळवार पेठेतल्या आमच्या घरापर्यंत मी आदल्या दिवशीच गाडी ठरवून ठेवली होती. अंतर जेमतेम 9-10 किलोमीटर. पण आत्याचे गुडघे दुखतात, आणि बॅगा सांभाळत बाहेर भाड्याची घासाघीस करणे तिला झेपणारे नव्हते.

एकूण भाडे किती, त्यात पार्किंग आणि विमानाला उशीर झाल्यास थांबण्याचे पैसे धरले आहेत का, हे मी व्हॉट्सअ‍ॅपवर लिहूनच घेतले. मागे एकदा हे राहून गेले होते आणि दारात, डिकी उघडण्याआधी, चालकाने तीनशे रुपये जास्त मागितले. पाहुण्यांसमोर फार ओशाळल्यासारखे झाले. नंबर प्लेट पिवळी आहे ना, हेही मी आवर्जून विचारतो (विजेवरच्या टॅक्सीची हिरवी, त्यावर पिवळी अक्षरे), कारण पांढऱ्या प्लेटच्या खासगी गाडीला भाडे घेऊन प्रवासी नेण्याची परवानगी नसते आणि अपघात झाल्यास विम्याचा दावा अडू शकतो.

चालकाला नुसती वेळ न सांगता विमानाचा क्रमांक दिला होता. विमान चाळीस मिनिटे उशिरा उतरले, तरी ते दादा दारापाशीच उभे होते, आणि आत्याच्या हातातली पिशवी त्यांनी आधी घेतली.