तुम्ही विचारलंत म्हणून: मलमाचं नाव मी का सांगत नाही

आधी मुलाच्या पाठीवरच्या नाहीतर गुडघ्यामागच्या चट्ट्याचा फोटो येतो. मागोमाग प्रश्न: "तुमच्या मुलीला कोणतं मलम लागू पडलं? नाव तेवढं सांगा." मी म्हणते, डॉक्टरांना दाखवा. मग राग येतो. एक नाव सांगायला हिचं काय जातं, असं माझ्या पाठीमागे बोललं जातं, तेही माझ्या कानावर येतं. म्हणून एकदाच सगळं लिहिते.

मुलगी तेव्हा चार वर्षांची होती. मांडीवर नाण्याएवढा गोल चट्टा उठला. जाऊबाईंच्या मुलाला कोपराच्या खोबणीत एक्झिमा, म्हणजे इसब होता. त्याला डॉक्टरांनी दिलेलं मलम अर्धं उरलं होतं, ते त्यांनी मायेनं मला दिलं. मी लावलं. तिसऱ्या दिवशी खाज थांबली, लाली उतरली. त्या आनंदात मी स्वतःच दोघीतिघींना नाव सांगितलं होतं, हेही कबूल करते.

मलम थांबवलं की चट्टा परत यायचा, लावलं की दबायचा. सात आठवडे असेच गेले. गोल कडा पुसट झाल्या, बारीक पुटकुळ्या आल्या, चट्टे कमरेपर्यंत चढले. रात्री ती झोपेत खाजवायची आणि मी तिचे हात धरून बसायची. शेवटी त्वचारोगतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी पहिलंच विचारलं, "आतापर्यंत काय काय लावलंत?"

"काहीच नाही," मी म्हणाले.

मुलगी माझ्या मांडीवर बसली होती. तिनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. "आई, रोज लावतेस ना मलम?"

ट्यूब माझ्या पिशवीतच होती. म्हणजे दाखवायची असं ठरवूनच मी घरून निघाले असणार. तरी तोंडातून खोटं आलं. ओरडा बसेल म्हणून, की आई म्हणून नापास ठरेन म्हणून, ते मला अजून नीट सांगता येत नाही. मी ट्यूब काढून टेबलावर ठेवली. डॉक्टर रागावले नाहीत, पण मला वर बघवेना.

त्यांनी चट्ट्याच्या कडेचा कोंडा पात्यानं हलकेच खरवडून काचपट्टीवर घेतला, त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. बुरशीचे धागे दिसले. म्हणजे नायटा. मलमात क्लोबेटासोल होतं, सर्वांत तीव्र स्टेरॉइडांपैकी एक. स्टेरॉइड लाली आणि खाज दाबतं, बुरशीला मारत नाही. उलट शरीराचा प्रतिकारच मंदावल्यामुळे ती आत मोकळी पसरते आणि नायट्याचं रूप इतकं बदलतं की तो ओळखू येत नाही. याला टिनिया इन्कॉग्निटो म्हणतात. हे नाव 1968 पासून वैद्यकात आहे, आणि मी मात्र तीन दिवसांच्या आरामावर विश्वास ठेवला. मुलीला पोटातून औषध घ्यावं लागलं. त्या जागची कातडी पातळ झाली होती, रंग उडाला होता. रंग परत यायला कित्येक महिने लागले.

जाऊबाईंच्या मुलाला तेच मलम योग्य होतं, हे विसरू नका. त्याच्या डॉक्टरांनी त्याचा आजार, वय, जागा आणि किती दिवस लावायचं, हे पाहून ते दिलं होतं. नावात यातलं काहीच नसतं. तुम्ही पाठवता त्या फोटोतही नसतं. सावळ्या कातडीवर लाली लालच दिसते असं नाही, ती करडी किंवा काळपट दिसते, आणि फोटोत तीही हरवते.

मात्र "स्टेरॉइड वाईट" असं मी म्हणतेय असं समजू नका. मी तसंच समजले होते. पुढे मुलीला खरोखरच एक्झिमा झाला, डॉक्टरांनी सौम्य स्टेरॉइड दिलं आणि मी ते अकरा दिवस लावलंच नाही. त्या अकरा दिवसांत तिनं खाजवून रक्त काढलं. पहिल्यांदा न विचारता लावलं, दुसऱ्यांदा सांगूनही लावलं नाही. दोन्ही वेळा सोसलं तिनंच.

दवाखाना लांब असतो, तज्ज्ञांची वेळ आठवड्यांनी मिळते, आणि पोर आत्ता रडत असतं. हे मला कळत नाही असं नाही. तोवर काय, याचं पुरेसं उत्तर माझ्याकडे नाही. नखं कापा, साधं बिनवासाचं मॉइश्चरायझर लावा, जवळच्या बालरोगतज्ज्ञांना तरी दाखवा, आणि आधी काय लावलंय ते खरं सांगा. मात्र अंगात ताप आणि काचेचा पेला दाबूनही फिके न होणारे ठिपके असतील, किंवा एक्झिमाच्या जागी अचानक दुखऱ्या पाणीदार फोडांचा पुंजका उठला असेल, तर तज्ज्ञांच्या वेळेची वाट पाहू नका, तडक रुग्णालयात जा.

मागच्या महिन्यात एकीनं विचारलं, मी नाव सांगितलं नाही. तिनं ते दुसऱ्या कुणाकडून तरी मिळवलं, असं कळलं. मी तासभर तिच्याशी नीट बोलले असते तर ती थांबली असती का? मी फक्त "दाखवा" म्हणून फोन ठेवला होता. तिच्या मुलाचं आता कसं आहे, हे विचारायचा धीर मला अजून झालेला नाही.