मेंढा मागे वळून बघतोय

मी इंग्लंडमधल्या एका म्युझियमच्या नाणी विभागात कॅटलॉगिंग करते. डिसेंबर लागला की दाराजवळच्या छोट्या शोकेसमध्ये नाताळचं काहीतरी लावतात, त्यासाठी मी ट्रे उपसत बसले होते आणि एक ब्राँझचं नाणं हाताला लागलं, जेमतेम आपल्या रुपयाएवढं, हिरवट काळं पडलेलं. जुन्या कार्डावर लिहिलेलं "हरीण". म्हटलं बघू तरी, दिवा खाली आणून उजेड तिरका मारला आणि कानाजवळ वळलेलं शिंग उठून दिसलं. हरीण कसलं, मेंढा तो! पळतोय पुढे पण मान पूर्ण मागे वळवलेली, आणि वर एक तारा.

मग भिंग घेऊन अक्षरं लावत बसले, पुढच्या बाजूला ग्रीक देव झ्यूसचं डोकं, मागे ग्रीकमध्ये "सिलानसच्या कारकिर्दीत, अँटिओककरांचं". अँटिओक हे तेव्हाच्या सिरियातलं शहर, सिलानस म्हणजे सिरियाचा रोमन गव्हर्नर. डेल्टा आणि म्यू या ग्रीक अक्षरांचा आकडा म्हणजे 44, इसवी सनपूर्व 31 मधल्या अ‍ॅक्टियमच्या लढाईपासून मोजलेलं वर्ष, म्हणजे इसवी सन 13-14.

मॅडमना दाखवलं तर त्या एकदम खूश, म्हणाल्या लेबलवर "बेथलेहेमच्या ताऱ्याचं नाणं" टाक, लोक थांबतील. येशू जन्मला तेव्हा पूर्वेकडच्या ज्ञानी लोकांना, म्हणजे मागींना, बेथलेहेमकडे नेणारा तारा दिसला अशी बायबलमधली कथा, आणि त्यावर एक थिअरी आहे. मायकेल मोल्नार नावाच्या अमेरिकन खगोलशास्त्रज्ञाने याच नाण्यावरून मांडलेली. ग्रीक विद्वान टॉलेमीच्या ज्योतिषात मेष ही ज्यूडियाची, म्हणजे बेथलेहेमच्या प्रदेशाची, रास, इसवी सन 6 मध्ये ज्यूडिया सिरियाला जोडला गेला, म्हणून अँटिओकच्या नाण्यावर मेंढा, आणि इसवी सनपूर्व 6 च्या 17 एप्रिलला गुरू मेषेत असताना चंद्राने त्याला झाकलं, तोच मागींचा तारा. वाचताना मला स्वतःला भारी वाटली होती. पण नाणं पाडलंय येशूच्या जन्मानंतर वीसेक वर्षांनी, झ्यूसचं डोकं छापणाऱ्या टांकसाळीने, आणि टॉलेमी तर दुसऱ्या शतकातला. ते मी लेबलवर फॅक्ट म्हणून कसं लिहू? मॅडमना तसं सांगितलं. त्या म्हणाल्या मग तू काय लिहिणार ते संध्याकाळपर्यंत दे.

आमच्याकडे चर्चमधून रिटायर झालेले एक आजोबा व्हॉलंटियर म्हणून येतात, त्यांनी हे ऐकलं आणि त्यांना इटलीतल्या व्हेरोनाचे बिशप झेनो आठवले. चौथ्या शतकातली गोष्ट. नुकताच बाप्तिस्मा घेतलेल्या लोकांना ते प्रवचनात म्हणतात की तुम्हाला आपली रास जाणून घ्यायची असेल ना, मग आज तुमचा नवा जन्म झालाय तर ऐका, आणि बाराही राशी सांगत जातात. पहिली मेष, पण मेंढा नाही, कोकरू म्हणजे ख्रिस्त. शेवटची मीन, दोन मासे म्हणजे ज्यू आणि इतर लोक, बाप्तिस्म्याच्या एकाच पाण्यात जगणारे. ज्या चर्चने ज्योतिषाला इतका विरोध केला त्यातलाच एक बिशप राशींची सगळी यादी हातात घेऊन बोलत होता, कारण समोरच्या माणसांना ती पाठ होती.

माझ्या अंगावर काटा आला. संस्कृत एमएला वराहमिहिराचं बृहज्जातक होतं, त्यात मेषेला "क्रिय" म्हटलंय, तो ग्रीक "क्रिऑस" म्हणजे मेंढाच. मी आजोबांना ते सांगितलं, त्यांनी "क्रिय, क्रिय" असं दोनतीनदा म्हणून बघितलं, मग नाण्याकडे बोट करून म्हणाले, "अगं, तुझं लेबल इथेच आहे की, शहर बघ ना कुठलं आहे."

खरंच की. अँटिओक! बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांत लिहिलंय की शिष्यांना ख्रिस्ती हे नाव पहिल्यांदा याच गावात मिळालं. आणि ब्राँझ म्हणजे रोजची चिल्लर, पाव, तेल घ्यायची. झ्यूसच्या गालावरचा उंचवटा बोटांनी घासून अगदी सपाट झालाय, त्या बोटांत त्या पहिल्या लोकांची बोटंही असू शकतात. मला ताऱ्यापेक्षा हे कितीतरी मोठं वाटतं.

लेबल असं झालं: "मेष रास आणि तारा. अँटिओक, इसवी सन 13-14. ख्रिस्ती हे नाव पुढे याच शहरात पहिल्यांदा वापरलं गेलं." मोल्नार यांचं मत खाली एका ओळीत, मत म्हणूनच. मॅडमनी दोनदा वाचलं आणि सही केली.

जुनं कार्ड आम्ही कधी फेकत नाही. "हरीण"वर पेन्सिलने एक रेघ मारली, शेजारी "मेंढा" लिहिलं, तारीख टाकली आणि कार्ड परत ट्रेमध्ये ठेवलं.