साक्षीचा तिसरा भाग

मंगळवार, रात्री

परवा उपासनेनंतर पाळकसाहेबांनी दारातच गाठलं. "ताई, पुढच्या रविवारी साक्ष तुमची. विषय पाचारण." मी "बरं" म्हटलं आणि घरी पोचेपर्यंत पस्तावले.

साक्ष म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते मंडळीपुढे उभं राहून सांगणं. आमच्याकडे तिचा एक साचा आहे. कुणी शिकवत नाही, पण सगळ्यांना येतो. आधी संकट, मग प्रार्थना, मग दार उघडलं. नोकरी लागली, गाठ साधी निघाली, पोराला व्हिसा मिळाला. मंडळी "आमेन" म्हणतात, आपण खाली बसायचं. माझ्याकडे पहिले दोन भाग आहेत. भरपूर आहेत. तिसऱ्याचं काय करू?

बाविसाव्या वर्षी मला पाचारण झालं, म्हणजे देवानं त्याच्या कामाला बोलावलं. हा शब्द मी अजूनही जरा बिचकतच वापरते. आवाज आला नाही, उजेड पडला नाही. नगर जिल्ह्यातल्या एका गावात पावसाळ्यात शिबिराला गेलो होतो, शाळेच्या ओट्यावर मुलं जमली होती. एका मुलीनं खडूनं फरशीवर स्वतःचं नाव लिहिलं आणि कुणी रागावेल म्हणून लगेच फ्रॉकच्या घेरानं पुसून टाकलं. मला वाटलं, हिचं नाव पुसलं जाणार नाही असं काहीतरी आपण करायचं. बस्स, एवढंच. परत आले आणि डिव्हिनिटीला, म्हणजे ख्रिस्ती धर्मशास्त्राच्या अभ्यासाला, नाव घातलं.

दुसऱ्या वर्षी पप्पांना अर्धांगाचा झटका आला. "एक वर्ष घरी राहते" असं प्राचार्यांना सांगून मी पुण्यात पंचहौदाजवळच्या आमच्या दोन खोल्यांत परत आले. ते एक वर्ष अजून चालूच आहे. येत्या जूनमध्ये 29 होतील.

पप्पा नऊ वर्षं अंथरुणावर होते. घर चालवायला मी प्रुफं तपासायला लागले, अप्पा बळवंत चौकाच्या मागच्या एका छापखान्यात. गाईडं, दिवाळी अंक, लग्नपत्रिका, एकदा तर सत्यनारायणाची पोथी. (पोथीत एकही चूक राहिली नव्हती, हे मी ख्रिस्ती असूनही अभिमानानं सांगते.) गेल्या वर्षी एका शाळेच्या स्मरणिकेच्या मुखपृष्ठावर "बालदीन" छापून आलं. एवढ्या ठळक टायपातली दीर्घ वेलांटी मला दिसली नाही. मालक ओरडले नाहीत, मुखपृष्ठ पुन्हा छापून घेतलं आणि हळूहळू प्रुफं पाठवणं बंद केलं. ओरडले असते तर बरं झालं असतं.

डॉक्टरांनी पडद्यावरचे ठिपके मोजायला लावले आणि सांगितलं, काचबिंदू. कडेची नजर आधी जाते, म्हणून माणसाला पत्ताच लागत नाही. गेलेली परत येत नाही, उरलेली राखायची. रोज रात्री थेंब.

बायबलमध्ये पौलानं रोमकरांना लिहिलंय की देवाला आपल्या पाचारणाचा पस्तावा होत नाही. या वाक्याशी मी किती वर्षं भांडतेय. नसेल होत पस्तावा, पण पत्ता बदलला असेल तर तेवढा तरी कळवावा की नाही!

गुरुवार

आईची मावसबहीण केडगावला आजारी आहे, म्हणून सकाळच्या दौंड गाडीनं गेले. हडपसर, मांजरी, लोणी, उरुळी. यवत गेलं की दोन्ही बाजूंना ऊस आणि मधूनच गुऱ्हाळाचा वास. मावशींना भेटून झाल्यावर गाडीला वेळ होता, तेव्हा पंडिता रमाबाईंनी निराधार बायका-मुलींसाठी काढलेल्या मुक्ती मिशनच्या आवारात जाऊन बसले.

पंडिता रमाबाईंची गोष्ट आमच्याकडे नेहमी शेवटापासून सांगतात. 1922 साल, बायबलच्या मराठी भाषांतराची अखेरची प्रुफं हातात, तब्येत ढासळलेली. आणखी दहा दिवस दे, असं त्यांनी देवाकडे मागितलं म्हणे. काम संपलं आणि 5 एप्रिलला त्या गेल्या. इथे सांगणाऱ्याचा आवाज हमखास कापरा होतो. मी धंद्यानं प्रुफवाली, मला भलतेच प्रश्न पडतात. शेवटची म्हणजे किती फर्मे होती? कंपोझ करणाऱ्या मुक्तीतल्याच बायका, त्या दहा दिवसांत त्या झोपल्या तरी का? आणि मुख्य म्हणजे माझ्या आयुष्यात असं दहा दिवसांचं गणित एकदाही का बसलं नाही?

मला शेवटापेक्षा त्याच्या अलीकडचं हवं असतं. आदल्याच वर्षी, 1921 मध्ये, मनोरमा गेली होती. एकुलती एक मुलगी, चाळिशीची, आईमागे सगळं काम तीच पाहणार असं धरलेलं. आई-वडील दुष्काळात गेलेले, भाऊ गेलेला. लग्नाला दोन वर्षं होण्याआधीच, 1882 मध्ये, नवराही गेला होता. तेव्हा ही मनोरमा वर्षाचीसुद्धा नव्हती. तिलाच पोचवून आल्यावर या बाई पुन्हा टेबलाशी बसल्या असतील. हिब्रू आणि ग्रीक मुळातून, खेड्यातल्या बाईला कळेल अशा मराठीत. त्या दिवसांत त्यांना देवाचं काही ऐकू येत होतं का? की नुसती पुढची ओळ होती?

शारदा सदन, म्हणजे विधवा मुलींसाठीची शाळा, त्यांनी 1889 ला मुंबईत काढलं, 1890 मध्ये पुण्यात आणलं. 1893 मध्ये धर्मांतरावरून वादळ उठलं. रानडे-भांडारकरांसारख्यांनी सल्लागार मंडळातून अंग काढून घेतलं, पालकांनी मुली नेल्या. मग 1896-97 चा दुष्काळ, मध्य प्रांतातून आणलेल्या शेकडो मुली, त्यात पुण्यात प्लेग. एवढ्या मुलींना शहरात जागा नाही, म्हणून त्या केडगावला नेल्या, फळबागेसाठी घेतलेल्या जमिनीवर. पुण्यानं ठेवून घेतलं असतं तर मुक्ती झालंच नसतं, असं आम्ही मोठ्या उत्साहानं म्हणतो.

हे लिहिलं आणि थांबले. हाही तिसरा भागच झाला की! पहिल्या पावसात तंबूत झोपणाऱ्या पोरीला कुठे ठाऊक होतं की पुढे इथे छापखाना निघणार आहे.

परतीच्या गाडीत जागा मिळाली नाही.

शनिवार

साक्षीचे चार खर्डे झाले. चारही फाडले. प्रत्येकाच्या शेवटी कुठून तरी दार उघडतंच. तिसऱ्यात तर मी "डोळ्यांची नजर गेली पण अंतःचक्षू उघडले" असं लिहिलं होतं. दुसऱ्या कुणाच्या प्रुफात दिसलं असतं तर समासात प्रश्नचिन्ह काढलं असतं.

रविवार, रात्री

दिली साक्ष. कागद नेला नाही, तसंही त्या उजेडात वाचता आलं नसतं. ओट्यावरच्या मुलीचं सांगितलं, पप्पांचा झटका सांगितला, बालदीनचं सांगितलं. तिथे दोघं-तिघं हसले. मग म्हटलं, "विश्वास टिकला म्हणजे काय झालं, ते मला नीट सांगता येत नाही. भांडण त्याच्याशीच चालू ठेवलं, एवढंच. तक्रार घेऊन दुसऱ्या दारात गेले नाही. मला बोलावलं होतं हे खरं आहे. कशासाठी, ते अजून कळलेलं नाही. मी अजून मधेच आहे." आणि खाली बसले.

कुणी आमेन म्हटलं नाही. संपलंय हे बाजाच्या पेटीवर बसलेल्या मुलालाही कळलं नाही, तो पाळकसाहेबांकडे बघत राहिला.

बाहेर चहाच्या वेळी एका म्हाताऱ्या मावशींनी हात धरला. "एवढंच? मग डोळा बरा झाला का?"

"नाही मावशी."

"मग साक्ष कसली गं ही!" असं म्हणून त्यांनी पिशवीतून लिमलेटची गोळी काढून माझ्या हातावर ठेवली आणि माझा हात धरूनच चारही पायऱ्या उतरल्या. कोण कुणाला सांभाळत होतं, देव जाणे.

घरी आईनं सगळं वदवून घेतलं. तिला आता ऐकू कमी येतं, त्यामुळे साक्ष दुसऱ्यांदा आणि मोठ्यानं द्यावी लागली. शेजारच्यांनीही ऐकली असणार. ती म्हणाली, "पप्पांचं नऊ वर्षं केलंस, तेच तुझं पाचारण होतं, असं सांगायचं की."

"ते पाचारण नव्हतं आई. ते पप्पा होते."

ती गप्प बसली. मग म्हणाली, "दहा वाजले. थेंब घातलेस का?"

नाही घातले अजून. थेंब घातल्यावर डोळ्याचा नाकाकडचा कोपरा बोटानं दाबून थोडा वेळ डोळे मिटून बसावं लागतं. तेवढ्या वेळात मी ओट्यावरच्या त्या मुलीसाठी प्रार्थना करते. आता पस्तिशीच्या पुढे असेल ती. नाव मी वाचायच्या आतच तिनं पुसलं होतं, त्यामुळे नावाशिवायच.