मेसा गोनियाची द्राक्षे आणि गाढवाच्या नावाची बीअर

२८ ऑगस्ट, मेसा गोनिया, सांतोरिनी

निफाड तालुक्यात द्राक्षांच्या मांडवाखाली वाढलेल्या माणसाला ग्रीसच्या सांतोरिनी बेटावरची द्राक्षबाग लांबून बाग वाटतच नाही. राखाडी, भुसभुशीत जमिनीवर अंतराअंतराने हिरवे पुंजके बसलेले दिसतात. तार नाही, अँगल नाही. आज सकाळी एका पुंजक्याजवळ गुडघ्यावर बसून पाने बाजूला केली, तेव्हा त्याची रचना उमगली. दर हिवाळ्यात छाटणी करताना राखलेल्या काड्या एकमेकींत गुंफत जाऊन जमिनीलगत दुरडीसारखे कडे तयार केलेले असते आणि घड त्या कड्याच्या आत, पानांच्या सावलीत पोसतात. येथील लोक त्याला ‘कुलूरा’ म्हणतात. एजियन समुद्रावरून उन्हाळाभर वाहणारा मेल्तेमी वारा बारीक रेती उडवत येतो. त्या वाऱ्यात आपल्यासारखा मांडव उभा केला तर कोवळी फूट आणि मणी दोन्ही सोलून निघतील. म्हणून येथे वेल उभी न करता निजवली आहे.

अण्णांना फोटो पाठवला. त्यांचा लगेच फोन आला. “अरे, खुंट कुठला लावलाय त्यांनी?” हा त्यांचा पहिला प्रश्न. खुंट म्हणजे ज्या मुळाच्या रोपावर द्राक्षाचे कलम बांधतात ते. खुंट नाहीच, वेल स्वतःच्या मुळावर आहे, असे सांगितल्यावर ते थोडा वेळ बोललेच नाहीत. आमच्याकडे खारवट पाणी आणि पाण्याचा ताण सोसावा म्हणून डॉगरिज या जातीच्या खुंटावर कलम केल्याशिवाय बाग लावण्याचा विचारही कोणी करत नाही. युरोपात कलमाचे कारण वेगळे होते. १८६० च्या दशकात अमेरिकेतून आलेल्या फायलोक्सेरा नावाच्या किडीने तेथील वेलींची मुळे खाऊन टाकली आणि अखेर अमेरिकी खुंटांवर कलमे करूनच तेथील द्राक्षशेती वाचली. सांतोरिनीत मात्र सुमारे ३,६०० वर्षांपूर्वीच्या प्रचंड उद्रेकाने राख आणि सच्छिद्र प्युमिस दगडाचा जाड थर अंथरून ठेवला होता. ‘आस्पा’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या या जमिनीत चिकणमाती जवळजवळ नसल्यामुळे ती कीड येथे टिकू शकली नाही.

साधारण ७०-८० वर्षांनी कड्याचे उत्पन्न घटले की खोड जमिनीलगत कापतात आणि त्याच जुन्या मुळातून नवी फूट घेऊन पुन्हा गुंफायला लागतात. एखादी वेल मेली, तर शेजारच्या वेलीची काडी मातीत दाबून दाबकलमाने ती जागा भरतात. त्यामुळे पायाखालची मुळे नेमकी कोणाच्या पणजोबांच्या काळातील आहेत, हे सांगणे अवघड असते. उन्हाळ्यात पाऊस जवळजवळ पडतच नाही. रात्री समुद्रावरून येणारे धुके आणि दव प्युमिस शोषून घेतो, आणि वेलीला मुख्य आधार त्याच ओलाव्याचा. पीक अर्थातच थोडे येते. आमच्या बागायतदाराला एकरी उताऱ्याचा आकडा ऐकवला, तर तो हात जोडून निघून जाईल; पण असिर्तिको या येथील मुख्य पांढऱ्या जातीत पूर्ण पिकल्यावरही जी आंबट धार शिल्लक राहते, ती उष्ण प्रदेशातील द्राक्षात फार क्वचित आढळते.

दुपारी कानावा रूसोस येथे गेलो. ही वाइनरी १८३६ पासूनची. कानावा म्हणजे वाइन करण्याची आणि साठवण्याची पारंपरिक जागा. बेटावर अशा कित्येक जागा आस्पा कोरून केलेल्या आहेत आणि जाड भिंतींमुळे ऑगस्टच्या उन्हातही आत गारवा असतो. ज्या दगडी हौदात पूर्वी पायांनी द्राक्षे तुडवत, तो हौद पाहिला. माझा जीव मात्र विन्सांतो या येथील गोड वाइनमध्ये अडकला होता. तोडलेली द्राक्षे १२ ते १४ दिवस उघड्या उन्हात पसरून वाळवतात, मगच त्यांचा रस काढतात. रसात साखर इतकी दाट झालेली असते की आंबण्याची क्रिया रेंगाळत चालते आणि बरीचशी साखर मागे ठेवून थांबते. नियमाप्रमाणे त्यात निम्म्याहून अधिक असिर्तिको असावे लागते, जोडीला आयदानी आणि आथिरी या जाती. त्यानंतर किमान दोन वर्षे ओकच्या पिंपात मुरवणे बंधनकारक आहे. तासगावकडे बेदाणा करताना घड डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या द्रावणात बुडवून शेडमध्ये सावलीत वाळवतात, कारण तेथे फिकट, उजळ रंगाला भाव असतो. येथे रंग काळवंडू देतात. पेल्यात आलेली वाइन गडद तपकिरी होती; आधी मनुका आणि अंजीर, आणि गिळल्यानंतर तीच असिर्तिकोची आंबट धार, जिच्यामुळे इतकी गोड वाइनही जिभेवर साचून राहत नाही. एके काळी ही वाइन रशियात ऑर्थोडॉक्स चर्चच्या विधींसाठी जात असे.

याच गावात सांतोरिनी ब्रूइंग कंपनी आहे. ती २०११ ची, म्हणजे कानावाच्या मानाने अगदी काल-परवाची. बीअरची नावे गाढवावरून: यलो डाँकी, रेड डाँकी, क्रेझी डाँकी. बेटाच्या चढणींवर द्राक्षांपासून पाण्यापर्यंत सारे ओझे ज्या जनावराने वाहिले, त्याचे नाव बाटलीवर असावे, हे मला मनापासून आवडले. बीअर न गाळलेली आणि पाश्चराइझ न केलेली, त्यामुळे थोडी गढूळ आणि ताजी असतानाच पिण्याची. क्रेझी डाँकीतील हॉप्सचा (बीअरला कडू चव देणाऱ्या फुलांचा) कडवटपणा उन्हातून आल्यावर फार सुखाचा वाटला. पण हॉप्स या बेटावर पिकत नाहीत. बीअर येथे माणसांनी आपल्या कसबाने आणली आहे. द्राक्ष या राखेतूनच येते. दोन्ही चाखल्यावर माझे मन कोणत्या बाजूला झुकले, हे सांगायला नको, तरी बाहेरून आणलेल्या मालावर इतकी निगुतीने मेहनत घेणाऱ्यांविषयी आदरच वाटला.

संध्याकाळी गावातून चालत पानागिया एपिस्कोपी या अकराव्या शतकातील चर्चपर्यंत गेलो. ९ जुलै १९५६ च्या भूकंपात मेसा गोनिया उद्ध्वस्त झाले आणि बहुतेक रहिवासी खाली कामारीला समुद्रकाठी जाऊन वसले. छप्पर नसलेली घरे अजून उभी आहेत आणि त्यांच्या आसपास कुलूरे आहेत. मला खरी धास्ती भूकंपाची वाटली नाही. जेथे पर्यटकांकडून एका खोलीचे रात्रीचे भाडे घेता येते, तेथे ओणवे होऊन, हाताने काड्या गुंफत शेती करायला पुढची पिढी का तयार होईल? काही नव्या लागवडी तारेवर केल्या जात आहेत, कारण त्यात मजुरी वाचते. शेतकऱ्याला त्याबद्दल दोष देण्याचा मला अधिकार नाही. मजूर मिळत नाही, हे दुखणे आम्हालाही ठाऊक आहे. तरीही कुलूरा गुंफणारे हात कमी होत जाणे हे मला बेटाचे सर्वांत मोठे नुकसान वाटते, कारण ही छाटणी पुस्तकावरून शिकता येण्यासारखी नाही.

उद्या पिर्गोसजवळ सांतो वाइन्सला जायचे आहे. ते येथील द्राक्ष उत्पादकांच्या सहकारी संघाचे आहे, आणि किलोमागे शेतकऱ्याच्या हातात किती पडतात, हे विचारून ये, असे अण्णांनी बजावले आहे.