तुम्ही विचारलंत म्हणून: तीच तीच रडगाणी ऐकून वैताग येत नाही का?

गटात नवीन आलेलं माणूस मला हे हमखास विचारतं. गच्चीवर, बाल्कनीत, खिडकीच्या जाळीत जमेल तिथे झाडं लावणाऱ्या पुणेकरांचा आमचा गट आहे. महिन्यातून एकदा कुणाच्या तरी गच्चीवर जमायचं, बिया-रोपांची देवाणघेवाण करायची, चहा प्यायचा. मधल्या दिवसांत एकमेकांना फोटो पाठवायचे. दोन-चार भेटी झाल्या की नव्या माणसाच्या लक्षात येतं, ठरावीक मंडळी दर वेळी तक्रारच घेऊन येतात. मोगरा फुलत नाही. टोमॅटो तडकतात. बोअरचं पाणी क्षाराचं, नर्सरीवाला लबाड, वर पुन्हा कबुतरं आहेतच. जानेवारीत एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन बघून आले की मग तर विचारूच नका, पुढचा महिनाभर "आपलं काही खरं नाही" चालू. आणि मी त्यांच्याशी बोलत बसते. मग चहाचे कप गोळा करताना कुणीतरी हळूच म्हणतं, "ताई, तुम्हाला कंटाळा कसा येत नाही हो?"

येतो की. पण या मंडळींचा नाही येत. टोपलीभर वांग्यांचा फोटो दाखवून "काही नाही हो, फक्त शेणखत आणि प्रेम!" म्हणणाऱ्यांचा येतो. त्यातून मला कळलं काय? कुंडी केवढी, ऊन किती वाजेपर्यंत, रोप कुठल्या महिन्यात लावलं, कशाचाच पत्ता नाही. तक्रार करणारा निदान काय बिघडलं ते सांगतो आणि थोडं बोलतं केलं की पुष्कळ काही सांगतो.

दुधीचंच बघा. आमच्यातल्या एका काकूंचं पालुपद ठरलेलं होतं. वेल मांडवभर, फुलं भरपूर, मादी फुलामागचा इवलासा दुधी बोटाएवढा होतो आणि पिवळा पडून गळतो. सगळ्यांनी सांगून झालं होतं की वरच्या मजल्यावर मधमाश्या पोचत नसतील, सकाळी सातला नर फूल तोडा आणि मादी फुलावर हलकेच फिरवा. काकू म्हणायच्या, "करते की रोज. काही होत नाही." मग लोक एकमेकांकडे बघायचे. पण काकू खरंच रोज करत होत्या. घोटाळा सल्ल्यात होता, तो लाल भोपळ्याचा होता. भोपळ्याचं पिवळं फूल पहाटे उमलतं, उन्हं वर आली की मिटतं. दुधीचं पांढरं फूल उमलतं संध्याकाळी, त्यावर रात्री पतंग येतात आणि सकाळी सातला ते मलूल होऊन मान टाकायच्या बेतात असतं. दोडक्याचं फूलही संध्याकाळचंच. त्याचं सख्खं भावंड घोसाळं मात्र सकाळी फुलतं. दिवेलागणीला करून बघा, एवढंच सांगितल्यावर काकूंचे दुधी धरले. इतके दिवस ज्याला सगळे रडगाणं म्हणत होते, त्यात मिळालेलं उत्तर लागू पडत नसल्याची खबर होती. चारचौघांत तुमचं चुकतंय असं म्हणायला काकूंची जीभ रेटत नव्हती, म्हणून त्या नुसतं "काही होत नाही" म्हणायच्या.

म्हणून तीच तक्रार तिसऱ्यांदा आली की मी आधी उत्तर तपासते. "दिवसाआड पाणी घाला" हे आठव्या मजल्यावरच्या भणाणत्या वाऱ्यात कमी पडतं आणि तळमजल्याच्या सावलीत तेच मुळं कुजवतं. पूर्वेच्या बाल्कनीतलं सकाळचं ऊन वेगळं, उघड्या गच्चीवर एप्रिलमध्ये दुपारी भाजणारं वेगळं. पुस्तकी उत्तर ठोकून दिलं की देणारा मोकळा होतो. झाड तिथंच असतं, आणि झाडाचा मालक पुढच्या भेटीला पुन्हा हजर.

कधी कधी तर तक्रारीच्या एका शब्दात सगळं असतं. आयटीतला एक मुलगा आहे, त्याचा आवाज कायम टिपेला. जास्वंदीवर पिठ्या ढेकूण, म्हणजे पांढऱ्या पिठासारखी दिसणारी रस शोषणारी कीड, आला होता. "निंबोळी तेल मारून मारून हात दुखले. आता तर ते मोठे झालेत आणि पळायला लागलेत!" सगळे हसले, कारण पिठ्या ढेकूण कुठला पळायला, तो जेमतेम सरकतो. मला मात्र ते पळणं खटकलं. फोटो मोठा करून पाहिला तर ती क्रिप्टोलिमस नावाच्या ढालकिड्याची अळी. अंगावर तसेच पांढरे मेणाचे तंतू, पण आकाराने मोठी आणि पायाने चपळ. तिचं खाणंच मुळी पिठ्या ढेकूण. हा किडा मूळचा ऑस्ट्रेलियाचा, भारतात १८९८ मध्ये मुद्दाम आणलेला. आजही आपल्याकडचे द्राक्षबागायतदार प्रयोगशाळेत वाढवलेले हे किडे विकत आणून बागेत सोडतात. या पठ्ठ्याकडे तो फुकट चालत आला होता आणि हा त्यालाच निंबोळी तेलाची आंघोळ घालत होता! फवारणी थांबवायला सांगितली आणि मुंग्यांचा बंदोबस्त करायला सांगितला. ढेकणाच्या अंगातून गोड चिकटा पाझरतो, त्यासाठी मुंग्या त्याची राखण करतात आणि त्याला खाणाऱ्यांना हुसकावून लावतात. ढेकूण आटोक्यात आला. आता तो मुलगा मुंग्यांबद्दल तक्रार करतो.

अर्थात प्रत्येकाला उत्तर हवंच असतं असं नाही. हे ओळखायला मला वेळ लागत नाही, कारण अशा माणसाला उत्तर माझ्याआधी माहीत असतं. आमचे लिंबूवाले काका त्यातले. त्यांनी बी टाकून लिंबू वाढवलंय, ड्रममध्ये. दर भेटीला सांगतात, लागत नाही म्हणून. बियांचं कागदी लिंबू जमिनीतसुद्धा फळायला चार-पाच वर्षं सहज घेतं, गुटीचं, म्हणजे झाडाच्या फांदीलाच मुळं फुटवून केलेलं रोप आणलं असतं तर लवकर लागलं असतं, हे मी त्यांना काय सांगणार! त्यांच्या घरची लिंबाची बाग होती, श्रीगोंद्याकडे. आंबिया बहार, मृग बहार, हस्त बहार हे फुलोऱ्याच्या हंगामांचे शब्द त्यांच्या तोंडून ऐकावेत. फुलं यावीत म्हणून बाग ताणावर, म्हणजे पाण्याविना, कशी सोडायची, पाणी तोडल्यावर पानं किती गळू द्यायची, मग आंबवणी-चिंबवणी, म्हणजे पहिलं-दुसरं हलकं पाणी, देऊन ताण कसा मोडायचा, एकदम भडाभडा पाणी दिलं तर काय होतं, हे सगळं लिंबाच्या तक्रारीतून सुरू होतं आणि अर्धा तास चालतं. त्यांना मध्येच थांबवून "काका, गुटी आणा" म्हणणं हा शुद्ध अडाणीपणा होईल. मी ऐकते. गटातल्या निम्म्या मोगऱ्यांचा प्रश्न त्या ऐकण्यातून सुटला. मोगऱ्यालाही रोज प्रेमाने पाणी घालत राहिलं की तो नुसती पानं काढतो. डिसेंबर-जानेवारीत पाणी तोडावं, छाटावा, मग खत देऊन हळूहळू पाणी वाढवावं, आणि पाच-सहा तास ऊन मिळू द्यावं. हे काकांनी मोगऱ्याबद्दल कधीच सांगितलं नव्हतं. लिंबाबद्दल कुरकुरताना सांगितलं होतं.

श्री. अ. दाभोळकरांच्या प्रयोग परिवाराबद्दल जुन्या लोकांना ठाऊक असेल. शेतकरी आपापल्या शेतात काय करून पाहिलं, काय जमलं, काय फसलं ते एकमेकांना पत्रांनी कळवत. आमच्या गटाला ती सर नाही, पण फसलेलं सांगायला लाज वाटू नये एवढं तरी असावं असं मला वाटतं. तक्रारखोर माणसाला ती लाज नसते, हे त्याचं मोठं भांडवल.

नर्सरीवाल्यांना शिव्या घालणाऱ्यांचं फार मनावर घेत नाही. "संत्रं म्हणून दिलं आणि निघालं भलतंच काटेरी झाड" हे बहुतेक वेळा फसवणुकीचं प्रकरण नसतं. संत्र्याचा डोळा जंबेरी या काटेरी लिंबाच्या खुंटावर भरलेला, म्हणजे कलम केलेला असतो, वरचा डोळा वाळतो आणि खालचा खुंट फोफावतो. कलमाच्या गाठीखालचे फुटवे वेळच्या वेळी खुडायचे, विषय संपला.

एका ठिकाणी मात्र माझा संयम संपतो, आणि तो संपलेला सगळ्यांना दिसतो. नवीन मुलगी पहिल्यांदा लावलेला पुदिना डब्यातून मिरवत आणते आणि कुणीतरी न बघताच म्हणतं, "हं, राहत नाही तो. बघाल तुम्ही." ही तक्रार नव्हे, नुसता विरजणाचा उद्योग. अशा वेळी मी वयबिय बघत नाही. त्या दिवशीच्या चहाची भांडी त्या माणसाकडे लागतात.

बाकी माझ्याकडे तक्रार खुशाल आणा. फक्त एकट्या पानाचा फोटो नको. अख्खी कुंडी दिसू दे, तिच्या तळाचं भोक दिसू दे, दुपारी बारा वाजता तिथे ऊन असतं की सावली तेही कळू दे. "सगळं करून बघितलं" एवढ्यावर भागवू नका. काय केलं, कधी केलं, किती घातलं ते सांगा. आणि कढीपत्ता वाढत नाही हे जानेवारीत विचारू नका. थंडीत तो कुणाचाच वाढत नाही. मार्चमध्ये या.