पेरूगेटावर पेरू नाही

"काकू, मॅप इथंच पोचलो म्हणतोय, पण समोर भिंत आहे," कुरिअरवाला पोरगा फोनवर रडकुंडीला आला होता. मावशीने चष्मा कपाळावर चढवला. "हे बघ, पेरूगेटाकडून आत ये. हौदाला उजवीकडे वळ, पिंपळापाशी थांब."

"हौद कुठाय?"

"हौद बुजवला रे कधीच."

"आणि पिंपळ?"

"तोही गेला. पण बोळ आहे अजून."

पोरगा पाच मिनिटांत दारात हजर! कोणाला तरी विचारलं असणार, आणि त्या कोणीतरीही न दिसणाऱ्या हौदाकडेच बोट दाखवलं असणार.

पुण्याच्या पेठांत पत्ता सांगायचा तो असा. पेरूगेटावर पेरूची बाग नाही. तुळशीबागेत तुळशीपेक्षा क्लिपा आणि कानातली जास्त. हुजूरपागेत एके काळी पेशव्यांची घोडी होती, आता मुलींची शाळा आहे आणि सुटायच्या वेळी दारात रिक्षांची पागा लागते. लकडी पुलाला लाकडाची ढलपी शोधून सापडायची नाही. सरकारदरबारी तो संभाजी पूल, पण रिक्षावाल्याला तसं सांगितलं तर तो आधी तुमच्याकडे वळून बघतो.

देवही यातून सुटलेले नाहीत. डुल्या मारुती, जिलब्या मारुती, पासोड्या विठोबा. सदाशिव पेठेतला मुरलीधर तर बिचारा कायमचा खुन्या झाला. 1797 मध्ये मूर्तीच्या स्थापनेवेळी देवळाच्या दारात हाणामारी होऊन माणसं पडली. देवाचा काय दोष? पण पुणेकरांनी नाव ठेवलं की ठेवलं.

गंमत म्हणजे पेठांची नावंही मुळातली नाहीत. कसबा सगळ्यांत जुना, त्याच्याभोवती एकेक वस्ती वाढत गेली. आजची शनिवार पेठ म्हणजे मुर्तजाबाद, रविवार म्हणजे मलकापूर, सोमवार म्हणजे शहापूर. औरंगजेबाचा मुक्काम इथे असताना त्याचा नातू मुही-उल-मिल्लत वारला. त्याच्या नावाने मुहियाबाद झालं, तीच आपली बुधवार पेठ. पुढे पेशवाईत आठवड्याचे सातही वार पुण्यात राहायला आले. म्हणून आमची आजी सहज म्हणायची, "सोमवारी शनवारात जाऊन येते." आम्हाला ते कळायचं, पाहुण्यांना नाही. गुरुवार पेठेला मात्र ती शेवटपर्यंत वेताळ पेठच म्हणत आली.

वार संपल्यावर माणसांची पाळी आली. पानिपतावर गेलेल्या भाऊंची सदाशिव पेठ. गारद्यांनी शनिवारवाड्यात मारलेल्या नारायणरावांची नारायण पेठ. पत्रावर रोज आपण हे लिहितो आणि खाली पिनकोड टाकून मोकळे होतो.

हौदांचं मात्र मला खरंच कौतुक वाटतं. नानासाहेब पेशव्यांनी कात्रजला तलाव बांधला आणि जमिनीखालच्या नळातून पाणी थेट शहरात आणलं. पंप नाही, मोट नाही, नुसता उतार. वाटेत हवा खेळावी म्हणून उच्छ्वास बांधले. घसा कोरडा पडलेल्या दोन-तीन पेठांचं सगळं गणगोत या हौदांवर भेटायचं, असं आजी सांगे. सगळं म्हणजे सगळं नव्हे, हे ती सांगत नसे. काहींनी लांब उभं राहायचं, कोणी वरून ओतलं तर प्यायचं. तिथून फार लांब नाही, गंज पेठेत, जोतीराव फुल्यांनी 1868 मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. तीही पेठच. जुन्या पुण्याच्या गप्पांत चौक, ओसरी, वाळवणं यांना जेवढी जागा मिळते, तेवढी या हौदाला मिळत नाही.

वाडे बरेच गेले. काही 1961 च्या पानशेतच्या पुरात, बाकीचे बिल्डरांच्या पुरात. मावशीचा वाडाही गेला. त्याच जागी तिसऱ्या मजल्यावर तिचा फ्लॅट आहे. चौकातल्या फरशीचा एक तुकडा तिने गॅलरीत ठेवलाय, त्यावर तुळशीची कुंडी.

परवा तिच्याकडे निघालो. लिफ्ट बंद होती. खालून फोन केला, तर म्हणाली, "जिन्याने ये. न्हाणीघराच्या बाजूने."

कुठलं न्हाणीघर, ते मला लगेच कळलं.