कोर्दोबाचे पातिओ: मे महिन्यात, पायी, आईबरोबर

लांब पोकळ काठी आणि तिच्या टोकाला बांधलेला पत्र्याचा छोटा डबा. घरच्या बाई तो डबा बादलीत बुडवायच्या, काठी उभी करायच्या आणि वरच्या मजल्याच्या उंचीला भिंतीवर टांगलेल्या कुंडीत अलगद रिता करायच्या. खाली थेंब सांडत नव्हता. संध्याकाळचे सहा नुकतेच वाजले होते, रांगेत आम्ही पहिल्याच होतो आणि बाईंचं पाणी घालणं अजून थोडं राहिलं होतं. आईने माझा दंड घट्ट धरला. "अगं, हे असं आपल्याकडे का नाही कुणी करत?" साताऱ्याला आमच्या गच्चीवर तिच्या सत्तरएक कुंड्या आहेत, त्यामुळे हा प्रश्न नुसत्या कौतुकाचा नव्हता.

दक्षिण स्पेनमधल्या कोर्दोबा शहरात मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात लोक आपल्या घरांची दारं उघडी ठेवतात. घराच्या पोटात असलेला उघडा चौक म्हणजे पातिओ. आपल्या वाड्याचा चौक ज्यांनी पाहिलाय त्यांना वेगळं समजावायला नको: मध्ये विहीर किंवा हौद, चहूबाजूंनी खोल्या, वर आकाशाचा चौकोन. फरक भिंतींचा. इथे चुन्याने पांढऱ्याशुभ्र केलेल्या भिंती खालपासून वरपर्यंत कुंड्यांनी भरलेल्या असतात, आणि कितीतरी घरांत सगळ्या कुंड्या एकाच गडद निळ्या रंगाच्या. उन्हाळ्यात पारा चाळीसच्या पुढे जाणाऱ्या या शहरात ओला चौक हाच घराचा थंडावा. नगरपालिकेने या चौकांची स्पर्धा 1921 साली पहिल्यांदा घेतली आणि 2012 मध्ये युनेस्कोने हा उत्सव मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतला. त्यातले बरेच चौक पूर्वी अनेक बिऱ्हाडांचे असत. विहीर, कपडे धुण्याचे दगड आणि स्वयंपाकघरसुद्धा सामाईक.

प्रवेशाला पैसे पडत नाहीत. वेळ मात्र नीट लक्षात ठेवा: आम्ही गेलो तेव्हा सकाळी अकरा ते दोन आणि संध्याकाळी सहा ते दहा. मधल्या चार तासांत दारं बंद. दर वर्षी तारखा थोड्या सरकतात, म्हणून तिकिटं काढण्याआधी त्या वर्षीचं वेळापत्रक बघा. पर्यटन कार्यालयात छापील नकाशा मिळतो, त्यावर वस्तीनुसार मार्ग आखलेले असतात. पन्नासेक चौक असतात. सगळे बघायचा हट्ट धरू नका. दिवसाला आठ-दहा पुरे, पण प्रत्येक ठिकाणी दहा मिनिटं थांबा.

माद्रिदच्या आतोचा स्थानकावरून वेगवान रेल्वेने पावणेदोन तासांत कोर्दोबा येतं, सेव्हियाहून पाऊण तासात. तिकिटं जितक्या लवकर काढाल तितकी स्वस्त. स्थानकापासून जुनं गाव वीस-पंचवीस मिनिटांच्या पायी अंतरावर आहे. उत्सवात खोल्यांचे भाव चढतात, म्हणून आम्ही जानेवारीतच आरक्षण केलं. स्पेनसाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. उन्हाळी सुट्टीच्या तोंडावर मुंबईत भेटीची वेळ मिळणं अवघड होतं, त्यामुळे तेही आधीच उरका.

पहिल्या दिवशी मी चूक केली. शनिवारी सकाळी अकराला आईला घेऊन अल्कासार विएहो वस्तीत गेले, सान बासिलियो रस्त्यावर. सगळ्यात प्रसिद्ध पातिओ तिथेच एकमेकांना लागून आहेत आणि सगळ्या सहलींचे गट तिथेच येतात. पहिल्या दारापुढे पाऊण तास उन्हात उभ्या राहिलो. आत गेल्यावर मागून लोक येतच होते, आईला एका कोपऱ्यात टेकायलाही जमेना. बाहेर पडलो तेव्हा तिचा चेहरा लाल झाला होता आणि मला स्वतःचाच फार राग आला. या वस्तीत जायचं तर सोमवार ते गुरुवार, तेही संध्याकाळी साडेआठनंतर. मे महिन्यात इथे सूर्य नऊच्या पुढे मावळतो. रांगा आखडतात, उजेड मऊ होतो आणि जाईचा वास उतरायला लागतो.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही ईशान्येच्या वस्त्या धरल्या: सान्ता मारिना, सान आगुस्तीन, सान लोरेन्सो. इथे दुकानांपेक्षा घरं जास्त, बाकांवर म्हातारी माणसं, दुपारी खिडक्यांतून भांड्यांचे आवाज. 1236 मध्ये ख्रिस्ती राजा तिसऱ्या फर्नांदोने मुस्लिम राजवटीकडून शहर जिंकल्यावर वस्तीवस्तीत चर्च उभी राहिली, त्यांतली सान्ता मारिना आणि सान लोरेन्सो ही दोन वाट चुकली की खुणेला उपयोगी पडतात. सान लोरेन्सोच्या दर्शनी भिंतीवरची दगडी गोल खिडकी थांबून बघण्यासारखी आहे. मारोकीएस रस्त्यावरचा पातिओ चुकवू नका. ते एक घर नसून घराच्या आतलं अख्खं गावच आहे: अरुंद बोळ, बुटक्या खोल्या, हस्तकलेच्या कार्यशाळा आणि डोक्यावर बोगनवेल. अनेक बिऱ्हाडांचं पूर्वीचं जगणं कसं असेल ते इथे कळतं. जवळच वियाना राजवाडा आहे. त्याला तिकीट आहे, पण आत बारा चौक आहेत. रांगेने दमलेल्या माणसाला तिथे निवांत बसता येतं.

आणि बोला. मला ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वाटते. दारातून आत जाताना "बुएनास" म्हणा, निघताना "ग्रासियास". ही राहती घरं आहेत. पडद्यामागे कुणाचं तरी जेवण चालू असतं, कुणाचे आजोबा झोपलेले असतात. कितीतरी पाहुणे मान वर करून फोटो घेतात आणि घरच्या माणसाकडे न बघता बाहेर पडतात. आईला स्पॅनिशचा एक शब्द येत नव्हता, पण तिने एका पानाच्या मागची बाजू उलटून बोट दाखवलं आणि त्या काठीवाल्या बाई उजळल्याच. मग मावा ही कीड, साबणाचं पाणी, छाटणी यांवर दोघींचं हातवारे करून बोलणं झालं. मी फोनवर भाषांतर करत होते, पण माझी फारशी गरज नव्हती. बाईंनी जिरेनियमचं एक पोखरलेलं खोड मोडून आतली काळी वाट दाखवली. मूळच्या दक्षिण आफ्रिकेतल्या एका छोट्या फुलपाखराची अळी खोडात शिरते आणि झाड उभ्याचं वाळतं. रोज सकाळी त्या कळ्या तपासतात. दोन आठवड्यांच्या बहरामागे वर्षभराचं हे काम असतं, शिवाय दर वर्षी चुना मारणं आणि गळक्या कुंड्या बदलणं. दाराशी पैशांसाठी ताटली ठेवलेली दिसली तर जरूर टाका.

मेस्कीता, म्हणजे मशिदीतलं कॅथेड्रल, सकाळी बघा. रविवार सोडून इतर दिवशी साडेआठला दार उघडतं आणि पहिला जवळजवळ तासभर तिकीट लागत नाही. उत्सवाच्या दिवसांतही तेव्हा आत शांतता होती. इथला अमीर पहिल्या अब्द अल-रहमानने 785 मध्ये बांधायला घेतलेली ही मशीद पुढची दोनशे वर्षं वाढत गेली. साडेआठशेहून जास्त खांब, त्यांवर लाल वीट आणि पांढऱ्या दगडाच्या दुहेरी कमानी. 1523 मध्ये मधोमध कॅथेड्रल बांधायला घेतलं. कमानींच्या काळोखातून चालता चालता एकदम उंच, पांढरा उजेड अंगावर येतो. मला ते जोडकाम बघून वाईटही वाटलं आणि नजरही हटेना.

तिथल्या अंगणात ओळीने संत्र्याची झाडं आहेत. स्पॅनिशमध्ये संत्रं म्हणजे नारान्हा. हा शब्द अरबीतून आला, अरबीत फारसीतून, आणि मुळाशी संस्कृत नारंग, म्हणजे आपलं नारिंग. अरबांबरोबर फळही आलं, शब्दही आला. वांग्याचंही तसंच: बेरेनहेना हा शब्द अशाच वाटेने त्याच मुळापर्यंत पोचतो, जिथून आपलं वांगं आलंय. कोर्दोबाच्या प्रत्येक खाणावळीत तळलेली वांग्याची कापं मिळतात आणि त्यांवर उसाची काकवी ओततात. आईने पहिला घास घेतला, थांबली आणि म्हणाली, "ही काकवीच की!" गोड-खारट-कुरकुरीत. शाकाहारी माणसाने इथे हेच डोळे मिटून मागवावं. सालमोरेहो म्हणजे टोमॅटो, पाव, लसूण आणि ऑलिव्ह तेलाचं दाट गार सार. तेही उत्तम, पण त्यावर उकडलेलं अंडं आणि डुकराच्या मांसाचे तुकडे घालतात. "सिन हामोन, सिन उएवो" असं आधीच सांगा. स्वयंपाकघरं चारच्या सुमारास बंद होतात आणि रात्री साडेआठच्या आत सहसा उघडत नाहीत, त्यामुळे पिशवीत काहीतरी असू द्या. आमच्याकडे दशम्या होत्या.

पायांत जाड तळव्याचे बूट हवेत. बोळांतून गोट्यांची फरसबंदी आहे आणि पातळ चपलेतून ती तळव्याला टोचते. दुपारी दोन ते सहा खोलीवर जाऊन झोपा, गावही तेच करतं. आम्हाला एक दिवस तापमान पस्तीसवर गेलेलं मिळालं. मेमध्ये हे नवल नाही. चार रात्री असतील तर एक अर्धा दिवस मेदिना असाहारासाठी ठेवा. दहाव्या शतकातल्या राजनगरीचे हे अवशेष शहराच्या पश्चिमेला आठेक किलोमीटरवर आहेत. तिथे सावली जवळजवळ नाही, म्हणून सकाळीच जा. रोमन पुलावर मात्र सूर्यास्ताला जा, पलीकडच्या तीरावरून मेस्कीताचा मनोरा आणि ग्वादालकिवीर नदी एकत्र दिसतात.

निघायच्या आदल्या संध्याकाळी आई पुन्हा त्या काठीवाल्या बाईंकडे गेली. तिने काठीची लांबी वितीने मोजून घेतली, डबा कसा बांधलाय तेही बघितलं. बाईंनी गुलाबी जिरेनियमची एक फांदी ओल्या कागदात गुंडाळून तिच्या हातात दिली. परवान्याशिवाय रोपं, फांद्या किंवा बिया भारतात आणता येत नाहीत. विमानतळावर ती काढून घेतली जाते आणि कीड पसरण्याची भीती खरीच असते. हे माझ्याकडून ऐकून आई बराच वेळ गप्प होती. मग आम्ही उतरलो होतो तिथल्या मालकीणबाईंना तिने ती फांदी दिली. त्यांनी लगेच मागच्या चौकातून एक रिकामी निळी कुंडी आणली, आणि रात्री साडेदहा वाजता माझ्या आईने कोर्दोबात जिरेनियम लावलं.